ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला काय खाऊ घालावे?



बैल लंगडला, गाय आटली, की आपण लगेच दवाखाना गाठतो. कोंबड्यांच्या मानमोडीवर आणि शेळ्यांच्या जंतांवर तर आपले नेहमीच बोलणे होते. आज मात्र ज्याच्याविषयी सहसा कुणी विचारत नाही, अशा एका राखणदाराविषयी बोलायचे आहे. तो म्हणजे आपला कुत्रा.

जव्हार-मोखाड्याकडच्या शेतकऱ्याला कुत्र्याचे मोल वेगळे सांगायला नको. उतारावरची नागली आणि वरई तयार होऊ लागली की रानडुकरे रात्री येतात. पाड्याच्या कडेला बिबट्या फिरतो, शेळीवर डोळा ठेवतो. माळ्यावर राखणीला बसलेल्या माणसाच्या आधी कुत्र्याला चाहूल लागते. हाच कुत्रा कधी डुकराच्या सुळ्याने फाटतो, कधी तारेच्या फाशात अडकतो, कधी घाटात गाडीखाली सापडतो. कुत्रीची गर्भपिशवी पिकते. शिवाय पिल्ले वाढू नयेत म्हणून नसबंदीही करतात. मग डॉक्टरांना ऑपरेशन करावे लागते.

ऑपरेशन तासा-दोन तासांत आटोपते. डॉक्टर टाके घालतात, इंजेक्शन देतात आणि कुत्रा आपल्या हवाली करतात. पुढचे दहा-बारा दिवस मात्र घरच्या माणसांचे असतात, आणि चुका होतात त्या इथेच. कुणी मायेने त्याच संध्याकाळी मटणाचा रस्सा आणि दोन भाकरी पुढे ठेवतो. कुत्रा अधाशासारखा खातो आणि रात्री ओकतो. कुणी उलट, ‘पोट फुगेल, टाके सुटतील’ या भीतीने तीन-तीन दिवस उपाशी ठेवतो. दोन्ही रीती वाईट. जखम भरते ती अन्नावर, पण ते अन्न थोडे, मऊ आणि वेळेवर हवे. आजच्या पत्रकाचे सार एवढेच आहे.

ऑपरेशनच्या आधी

तातडीचे ऑपरेशन असेल तर प्रश्नच नाही. तसेच कुत्र्याला घेऊन निघायचे. पण नसबंदीसारखे ठरवून करायचे ऑपरेशन असेल तर वेळ पाहून ठरवावे. भर पावसात, लावणीच्या चिखलात करू नये. जखम भिजते, माशी बसते, अळ्या पडतात. तसेच दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा दुसरीकडे कामाला जायचे असेल, तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात करू नये. निदान बारा-चौदा दिवस घरात कुणीतरी जाणते माणूस पाहिजे. आजी-आजोबा घरी राहणार असतील तर हे पत्रक त्यांना वाचून दाखवा.

आदल्या रात्री कुत्रा बांधून ठेवा. मोठ्या कुत्र्याला साधारण आठ ते बारा तास अन्न द्यायचे नाही, पाणी मात्र सकाळपर्यंत चालते. नेमकी वेळ डॉक्टरांकडून विचारून घ्यावी. लहान पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत. आपली कुत्री मोकळी हिंडणारी. घरी उपास घडवला आणि रात्री रानात जाऊन काही खाऊन आली, तर भूल दिल्यावर ते ओकून श्वासनळीत जाते आणि जीवावर बेतते. म्हणून बांधायचेच. आणि चुकून काही खाल्ले असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन एक दिवस पुढे गेले तरी बिघडत नाही.

घरी आणल्यावरची पहिली रात्र

भूल पूर्ण उतरायला वेळ लागतो. तोवर कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, ओळख विसरतो, कधी कण्हतो. अशा वेळी घशाची गिळण्याची ताकद परत आलेली नसते. तोंडात पाणी ओतले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून पहिला नियम असा की, कुत्रा स्वतःच्या पायांवर सरळ उभा राहून चालू लागेपर्यंत तोंडात काहीही घालायचे नाही. पाणी नाही, दूध नाही, गूळपाणीही नाही.

मुंबईत परळला १८८६ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अवघड शस्त्रक्रियेसाठी काहीजण जनावर तिथवर नेतात. तिथून किंवा जवळच्या दवाखान्यातून परतताना वाटेत चहाच्या टपरीवर बिस्कीट चारायचा मोह होतो. घाटाच्या वळणांत कुत्र्याला आधीच मळमळत असते. घरी पोहोचेपर्यंत थांबा.

घरी आणल्यावर ओटीवर किंवा पडवीत कोरड्या जागी गोणपाट अंथरून कुशीवर निजवा. मान सरळ ठेवा. भुलेने अंग गार पडते, म्हणून थंडीच्या दिवसांत वरून गोणपाट टाका. पण चुलीजवळ निजवू नका, झिंगेत ते विस्तवात पडायचे. पाड्यावरची दुसरी कुत्री जवळ येऊ देऊ नका. दुबळा गडी दिसला की ती चावे घेतात.

पहिले पाणी, पहिला घास

कुत्रा नीट चालू लागला की पसरट भांड्यात अर्धी वाटी पाणी ठेवा. प्यायला तर अर्धा तास थांबा. ओकला नाही तर आणखी अर्धी वाटी द्या. असे दोन-तीन वेळा पचले की पाणी मोकळे ठेवायला हरकत नाही. एकदम मोठे भांडे पुढे ठेवले तर तहानलेला कुत्रा घटाघटा पितो आणि सगळे बाहेर टाकतो.

पाणी पचल्यावर त्याच संध्याकाळी पहिला घास द्यावा. रोजच्या जेवणाचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही. तांदळाची मऊ पेज आणि तिच्यात कुस्करलेले उकडलेले अंडे, एवढे पुरे. रात्र फार झाली असेल आणि कुत्रा अजून पेंगत असेल, तर सकाळी द्या. धडधाकट मोठा कुत्रा एक रात्र अन्नावाचून सहज काढतो. पहिल्या रात्री एखादी ओकारी आली तर घाबरू नका. दोन-तीन तास पोट रिकामे ठेवा आणि पुन्हा पाण्यापासून सुरुवात करा.

एक अपवाद ध्यानात ठेवा. पोटातले आतडे कापून जोडले असेल, किंवा जबड्याला मार असेल, तर अन्न कधी आणि कोणते हे फक्त डॉक्टरांनीच सांगायचे. इथे दिलेले वेळापत्रक त्या कुत्र्याला लागू नाही.

किती द्यायचे?

घराची पडलेली कूड लिंपायची तर माती आणि कारवी दोन्ही लागतात. नुसत्या पाण्याने कूड उभी राहत नाही. तसेच अंगाचे आहे. नवे मांस आणि नवी कातडी प्रथिनांतून तयार होते, म्हणजे अंडी, मांस, मासे आणि डाळ यांतून. भात आणि तेल ताकद देतात. नुसता भात किंवा नुसती पेज दिली तर पोट भरते, पण जखम रेंगाळते आणि अंगावरचे मांस झडते.

आपल्याकडचा मध्यम कुत्रा सुमारे १२ किलोचा धरू. पडून राहिलेल्या अशा कुत्र्याला दिवसाला सुमारे ४५० उष्मांक लागतात. त्याचा हिशेब असा :

तांदूळ (कच्चे) ६० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड मूठ.
कोंबडीचे हाड काढलेले मांस १०० ग्रॅम.
अंडे १.
तेल १ चहाचा चमचा. खुरासणीचे किंवा घरात असेल ते.

हे सगळे एका दिवसाचे, एका वेळचे नव्हे. तांदूळ भरपूर पाण्यात गळेपर्यंत शिजवा. मांस पाण्यात उकडून बारीक तोडा. मीठ, मिरची, मसाला, कांदा काही घालू नका. कोमट असतानाच पुढे ठेवा. कोमट अन्नाला वास येतो आणि मंदावलेली भूक चाळवते.

कुत्रा दुप्पट वजनाचा असेल तर अन्न दुप्पट लागत नाही, पावणेदोन पटीच्या आत भागते. सहा किलोच्या कुत्र्याला वरच्या मापाच्या निम्म्याहून थोडे जास्त द्यावे.

रोज कोंबडी कुठून आणायची, असे तुम्ही म्हणाल. रास्त आहे. कोंबडीऐवजी आणखी दोन अंडी चालतात. तेही जमत नसेल तर बाजारातून आणलेली सुकट मूठभर घ्या. अर्धा तास पाण्यात भिजवा, दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, म्हणजे रेती आणि खार निघून जाईल. मग पेजेतच शिजवा. खारवलेला मासा मात्र नको. मूग किंवा मसुरीची डाळ अगदी मऊ शिजवून थोडी घातली तरी उपयोग होतो. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अंगणवाडीतून लेकराला मिळणारे अंडे लेकराच्याच पोटात गेले पाहिजे. कुत्र्याचे पथ्य सुकट आणि डाळीवर निभते, मुलाच्या वाटणीला हात लावायची गरज पडत नाही.

दिवसवार वेळापत्रक

पहिला दिवस : वर सांगितल्याप्रमाणे पाणी, नंतर चौथा हिस्सा पेज.

दुसरा आणि तिसरा दिवस : दिवसाचे अन्न चार वेळांत वाटून द्या. सकाळी उठल्यावर, दुपारी, दिवेलागणीला आणि निजताना. दुसऱ्या दिवशी मापाच्या निम्मे ते पाऊण, तिसऱ्या दिवशी पूर्ण माप. पेज पातळच राहू द्या, म्हणजे अन्नाबरोबर पाणीही पोटात जाते.

चौथा ते सातवा दिवस : तीन वेळा. पेजेऐवजी मऊ भात. आता थोडी नागलीची भाकरी अंड्याच्या किंवा मांसाच्या पाण्यात भिजवून, कुस्करून द्यायला हरकत नाही. आंबट आंबील अजून नको.

आठवा दिवस ते टाके काढेपर्यंत : दोन वेळा. हळूहळू रोजच्या जेवणावर आणा. आज एक घास जुन्या जेवणाचा, उद्या दोन, असे करत जा. एकाएकी बदल केला की हगवण लागते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर राखणीला सोडू नका.

पहिले दोन-तीन दिवस शी झाली नाही तर चिंता नको. उपास आणि भूल यामुळे आतडे सुस्त असते. चौथ्या दिवशीही झाली नाही किंवा कुंथत असेल तर उकडलेल्या लाल भोपळ्याचा, म्हणजे डांगराचा, एक-दोन चमचे गर भातात मिसळा. तरीही झाली नाही तर डॉक्टरांना विचारा. एरंडेल पाजू नका.

हे देऊ नये

हाडे : शिजवलेले हाड फुटून त्याची टोके होतात. ती घशात किंवा आतड्यात रुततात. बोहाड्याच्या दिवसांत पाहुणे आले की हाडांचे ढीग पडतात. त्या दिवसांत आजारी कुत्रा बांधून ठेवा आणि मुलांनाही बजावून ठेवा.

दूध : बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते. ‘हाड मोडले, म्हणून दूध आणि चुन्याच्या गोळ्या’ असे लोक करतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यांतले काही देऊ नये.

कांदा आणि लसूण : यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्याचे रक्त आधीच गेले आहे त्याला हे फार वाईट. म्हणून घरचा रस्सा नको.

चहा, चॉकलेट, द्राक्षे, मनुका : कुत्र्याला हे विषारी आहे.

मोहाची दारू किंवा तिचा चोथा : ‘दुखणे कळू नये म्हणून घोटभर’ असे कधीही करू नका. भुलेवर दारू पडली तर श्वास थांबू शकतो.

औषध आणि अन्न

डॉक्टरांनी दिलेली गोळी भाताच्या किंवा अंड्याच्या लहान गोळ्यात लपवून द्या. आधी एक नुसता गोळा, मग औषधाचा, मग पुन्हा नुसता. कुत्रा पटापट गिळतो. जंतू मारणारे औषध ठरलेले सगळे दिवस द्या. तिसऱ्या दिवशी तरतरी आली म्हणून थांबवू नका. दुखण्यावरची गोळी नेहमी अन्नावर द्यायची. कुत्रा काही खात नसेल किंवा ओकत असेल तर ती गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी तिने जठरात व्रण पडतात.

माणसाची अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलचे माप थोडे चुकले तरी यकृताला इजा पोहोचते.

जखमेवर राख, मिरची, रॉकेल, बॅटरीचा मसाला यांतले काही लावू नका. जखम कोरडी ठेवा आणि कुत्र्याला चाटू देऊ नका. जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ डोक्याच्या मापाने कापा, कडेला कापड गुंडाळा आणि गळ्यात अडकवून सुतळीने पट्ट्याला बांधा. हे कडे घातल्यावर जमिनीवरच्या ताटलीत कुत्र्याचे तोंड पोहोचत नाही. लोकांना वाटते, भूक मेली. ताटली विटांवर उंच ठेवा किंवा जेवणापुरते कडे काढा, आणि खाऊन होईपर्यंत शेजारी बसून राहा.

खात नसेल तर

पहिले चोवीस तास कमी खाणे स्वाभाविक आहे. अन्न कोमट करून, हाताने थोडे ओठाला लावून पाहा. जबरदस्तीने तोंड उघडून कोंबू नका. अर्ध्या तासात खाल्ले नाही तर ताटली उचला आणि दोन-तीन तासांनी ताजे द्या. दिवसभर उघडे पडलेले अन्न माश्यांचे होते. दोन दिवस पूर्ण झाले आणि तोंडच लावले नाही, तर वाट पाहू नका. लहान पिल्लाच्या बाबतीत अर्धा दिवसही फार झाला.

खालीलपैकी एकही खूण दिसली तर ताबडतोब जव्हार किंवा मोखाड्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधा. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदतीसाठी फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत.

पुन्हा पुन्हा ओकारी, किंवा पाणीही न ठरणे.
हिरड्या पांढऱ्याफटक पडणे.
पोट नगाऱ्यासारखे फुगणे.
चोवीस तासांत लघवी न होणे.
जखमेतून पू, घाण वास किंवा रक्त येणे, टाका सुटणे, अळ्या दिसणे.
अंग तापणे किंवा गार पडणे, कुत्रा निपचित होणे.

भरवताना चावला तर

दुखणाईत कुत्रा मालकालाही चावतो. तो त्याचा दोष नाही. लहान मुलांना भरवायला पाठवू नका. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जा. जव्हारला पतंगशाह रुग्णालय आहे. हळद, चुना, झाडपाला यावर थांबू नका. पिसाळीची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, पण वेळेवर घेतलेली लस त्याला वाचवते. कुत्र्याला पिसाळीची लस दिलेली नसेल तर तो बरा झाल्यावर ती आणि जंताचे औषध, दोन्ही डॉक्टरांकडून करून घ्या. पिसाळीची लस डॉक्टर सांगतील तशी पुढेही देत राहावे लागते.

नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी शेवटची सूचना. त्याची भूक वाढते, पण गरज कमी होते. बरा झाल्यावर तो सुटू लागला तर भाकरीचा एक तुकडा कमी करा. लठ्ठ कुत्रा डुकरामागे धावत नाही.

ध्यानात ठेवा

१. चालू लागेपर्यंत तोंडात काही नाही.
२. आधी पाणी, मग पेज, मग भात, शेवटी भाकरी.
३. एकदम पोटभर नको, चार वेळा थोडे थोडे.
४. रोज अंडे, मांस, सुकट किंवा डाळ यांपैकी काहीतरी.
५. हाड, दूध, कांदा, मसाला, दारू वर्ज्य.
६. माणसाची गोळी कुत्र्याला नाही.
७. दोन दिवस खाल्ले नाही तर दवाखाना.

बंधू-भगिनींनो, नागली पोटरीत आली म्हणजे रात्रीची राखण पुन्हा सुरू होईल. त्या वेळी माळ्याखालून भुंकणारा आपला गडी जागेवर हवा असेल, तर आज त्याच्यासाठी दीड मूठ तांदूळ आणि चार वेळा उठण्याचा त्रास घ्या. हे पत्रक चुलीजवळच्या कुडाला खोचून ठेवा आणि शेजारच्या पाड्यावर कुणाला लागले तर वाचायला द्या.